डाव्या बाजूची स्प्रिंग

बायको गेली त्याला सात महिने झाले होते आणि तेवढेच महिने जीप केळींच्या कडेला उभी होती. मी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि पाठ फिरवली. वाडीत जाता-येता दिसायची. मी दुसरीकडे बघायचो. ताडपत्री काढायची वेळ आली ती बायकोच्या मैत्रिणीमुळे.

दोघी खाडीकाठच्या एकाच गावातल्या, दाराला दार लागून वाढलेल्या. माझी बायको लग्न होऊन गिरीजला आली आणि मैत्रीण कामणच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला दिली. मला भावोजी म्हणते. भावोजी म्हटलं की माणसाला जेवढं टाकून बोलता येतं तेवढं ती बोलते. पंधरा वर्षं दर आठवड्याला माझी बायको जीप काढून तिच्याकडे जायची आणि मी शेजारी बसून जायचो.

ती अंगणात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. वसईच्या दवाखान्यात आत सळई घातली आणि मग मुलाने तिला विरारला आपल्या फ्लॅटवर नेलं. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली. पण मी भेटायला गेलो तर बाई अर्धी झालेली. मुलगा मला बाहेर घेऊन म्हणाला, “काका, दोन घास खाते आणि ताट सरकवते. डॉक्टर म्हणतात हाड जुळतंय, पण अशी जेवलीच नाही तर उठणार कशी?”

आत गेलो. म्हटलं, “काय गं, उपास कसले धरलेस?”

“भावोजी, मला घरी न्या,” ती म्हणाली. “इथं पानी पन बाटलीतलं. चौथ्या माळ्यावर बसून मी काय कावळे मोजू?”

घरी न्यायला मुलाची हरकत नव्हती, डॉक्टरचीही नव्हती. बसवून न्या म्हणाला, फक्त दणका बसता कामा नये. हरकत वाटेची होती. डांबरी रस्ता सुटला की दोन किलोमीटर नुसते धोंडे, आणि मध्ये एक ओहोळ. त्यात गुडघाभर उंचीचे दगड. रिक्षा जात नाही. रुग्णवाहिकेवाल्याने नाव ऐकूनच नको म्हटलं. मुलगा म्हणाला, चार माणसं लावून खुर्चीत उचलून नेऊ.

“चार मानसं मला एकदाच उचलतील,” ती म्हणाली. “ती वेळ अजून आलेली नाय. आपली जीप हाय ना?”

मुलाने माझ्याकडे बघितलंच नाही. मी म्हटलं, “आहे. येत्या रविवारी आणतो.”

म्हणून गेलो खरा. लिफ्ट विसरून चार माळे जिन्याने उतरलो.

आता जीपचं सांगायला पाहिजे. कामणच्या रस्त्यावर माझी चाळीस वर्षं कमानपाट्यांची शेड होती. ट्रक खाली बसला की माझ्याकडे यायचा. मी पाटे उतरवायचो, तापवायचो, ठोकून वाक द्यायचो, मोडका काढून नवा घालायचो. मी चौथी शिकलो, पण ट्रक लांबून येताना दिसला की कुठल्या चाकावरचा कितवा पाटा गेलाय ते सांगायचो. जीप मी भंगारातून घेतली आणि माझ्या हाताने उभी केली. चालवायचो मीच. मग माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, पुढे गुडघे गेले, आणि बायको म्हणाली, सरक. पन्नाशीत शिकली. दोन महिन्यांत ती माझ्यापेक्षा बरी चालवायला लागली, हे मी तिला कधी बोललो नाही.

डोंगराकडची ती वाट तिची आवडती. बाकीच्या बायका देवळात जातात, ही धोंड्यांत गाडी घालायची. चाक हवेत गेलं की हसायची. पण माझ्या पाट्यांवर तिचा राग. म्हणायची, “हे ट्रकचं सामान आहे. ट्रकच्या पाठीवर सिमेंट असतं, ते ओरडत नाही.” एक दिवस मला न विचारता तिने पुढचे पाटे काढून कॉइलओव्हर बसवून आणले. म्हणजे शॉकअप आणि त्याच्याच अंगावर चढवलेली स्प्रिंग, एका चाकाला एक. मी चार दिवस बोललो नाही. पाटेवाल्याच्या बायकोने गाडीचे पाटे काढायचे, म्हणजे लोकांनी काय म्हणायचं? पाचव्या दिवशी तिने चहा पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, “मागचे तुझेच ठेवलेत. आता पी.”

मी प्यालो. त्या स्प्रिंगांकडे मात्र कधी वाकून बघितलं नाही. हट्ट.

तर विरारहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताडपत्री काढली. बॅटरी मेलेली होती, ती बदलली. टायरांत हवा भरली. मी चालवायच्या जागेवर बसलो आणि गाडी उजवीकडे कलली. उतरून लांबून बघितलं. डावीकडचं नाक वर, जसं कोणी तिकडून उचलून धरलंय. खाली वाकलो. डाव्या स्प्रिंगच्या टोकाला आट्यांवर फिरणारी रिंग असते, ती उजव्यापेक्षा चांगली अंगठाभर पिळलेली होती. म्हटलं, झालं. कुणा येड्याने बसवलंय. एक बाजू पिळली, दुसरी विसरला. आणि बाई बसणार ती डाव्याच बाजूला.

माझा हिशेब सरळ होता. पिळलेली म्हणजे कडक. सोडवली की मऊ. आकड्याचा पाना घेतला आणि रिंग खाली उतरवली, उजवीपेक्षाही दोन आटे जास्त. स्वतःवर खूश झालो. मग परीक्षा घ्यायची म्हणून पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या डाव्या सीटवर ठेवला, भोवती गोणपाट गुंडाळून घट्ट बसवला, आणि एकटाच त्या वाटेला गेलो.

पहिल्याच मोठ्या धोंड्यावर डावीकडून धाडकन आवाज आला. लोखंडावर लोखंड आपटावं तसा. दुसऱ्या धोंड्याला तसाच. तिसऱ्याला तांब्याने जागा सोडली आणि सगळं पाणी माझ्या मांडीवर. ओहोळापर्यंत पोचलोही नाही. तिथेच गाडी उभी करून ओल्या धोतराने बसलो आणि शिव्या दिल्या. कुणाला ते मला माहीत नाही.

ज्याने ते काम केलं होतं तो मेकॅनिक कामणलाच असतो, गोदामांच्या मागे शेड आहे त्याची. साताऱ्याकडचा, चाळिशीचा, डोक्याला टक्कल. मी त्याच्या दारात कधी गेलो नव्हतो. गाडी आत घातली आणि उतरता उतरताच म्हटलं, “काय काम केलंयस रे? एक बाजू वर, एक बाजू खाली.”

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग जीपकडे. जीप त्याने ओळखली. हात पुसले आणि खाली वाकला.

“काका, ही रिंग कोणी उतरवली?”

“मी. मऊ करायला.”

“खाटेचे पाय कापले की गादी मऊ होते का?” तो म्हणाला. “रिंगने गाडी फक्त वर-खाली होते. स्प्रिंग आहे तेवढीच कडक राहते. तुम्ही गाडी खाली बसवलीत, आता दगड आला की स्प्रिंगला दबायला जागाच नाही. थेट रबरी ठोकळ्यावर आदळते.”

चाळीस वर्षं मी लोकांच्या गाड्या उचलल्या, आणि हा मला खाटेची गोष्ट सांगत होता. पण मांडी अजून ओली होती.

“मग डावी वर का ठेवली होतीस?”

“मी नाही, काकूंनी.” त्याने स्टूल पुढे केलं. “बसा. काकू तीनदा आल्या होत्या. मी म्हटलं, दोन्हीकडे सेम स्प्रिंग टाकतो, सगळे तेच टाकतात. तर म्हणाल्या, सेम कशी? मी पन्नास किलोची आणि डावीकडे नव्वद किलोचा नवरा बसतो. वर त्याची हत्यारांची पेटी. पेटी घरी ठेव म्हटलं तर तो ठेवणार नाही, तेव्हा पेटीसकट धर. मी म्हटलं, काकांना घेऊन या, काट्यावर वजन करू. म्हणाल्या, तो नाही येणार. मग मी बसलो काका बनून, पायाशी लोखंड ठेवलं, आणि चारी चाकांखाली काटे लावून वजन घेतलं.”

मी म्हटलं, “मऊ टाकायची होती मग. मला ऑपरेशनच्या जागी कळ यायची.”

“तेच त्या म्हणाल्या. कळ येते पण सांगत नाही म्हणून. मीच त्यांना समजावलं, जड माणसाखाली मऊ स्प्रिंग घातली तर ती तळाला जाऊन आदळणार, कळ उलट जास्त येणार. वजनाला जुळेल अशीच पाहिजे. मग त्यांनी एक नंबर वरची, जास्त कडक निवडली. डावीकडे वरची, उजवीकडे हलकी. रिंग किती पिळायची तेपण इथे उभं राहून करून घेतलं. तुम्ही बसलात की गाडी सपाट राहायची. बघितलं नसेल तुम्ही.”

बघायचं कसं? आत बसलेल्याला गाडी सपाट आहे हे दिसत नाही. मला एवढंच आठवलं की कळ थांबली होती. मी समजत होतो, टाके बरे झाले.

मग त्याने विचारलं, “आता कोण बसणार?” मी सगळं सांगितलं. बाई किती किलोची? मुलाला फोन लावला. बेचाळीस.

“मग डावी स्प्रिंग बदलावी लागेल,” तो म्हणाला. “ही त्यांच्याखाली दबणारच नाही. प्रत्येक दगड सरळ हाडाला जाऊन लागेल.”

“काढायची नाही,” मी म्हटलं.

“काका...”

“काढायची नाही म्हटलं ना. दुसरं काय ते सांग.”

त्याने टकलावरून हात फिरवला. “दुसरं म्हणजे, रिंग होती तशी करायची आणि तुमच्याइतकं वजन तिथे भरायचं. स्प्रिंगला काय कळतं, माणूस आहे की गोणी.”

हे मला पटलं. रिंग पहिल्या जागी नेली. घरी येऊन डाव्या सीटच्या पायाशी माझी लोखंडी पेटी ठेवली, तिच्यावर मिठाची एक गोण आडवी टाकली, सीटवर बाईच्या वजनाची दुसरी गोण बांधून तिच्यावर पुन्हा तांब्या. आणि गाडी चालली हो! धोंड्यांवरून अशी गेली की मला वाटलं, बायकोच चालवतेय. तांब्यातलं पाणी नुसतं थरथरत होतं. मी ओहोळात उतरलो. पुढची चाकं खाली, मागची वर, आणि पेटी सुटली. गोणीसकट पुढे सरकली, आदळली, आणि गाडी पलीकडे चढायला लागली तशी सगळं वजन घेऊन मागे आली. सीटच्या खालच्या पत्र्यावर बसली. पत्रा चेपला.

मी ओहोळात गाडी बंद केली. पत्र्याच्या त्या पोच्यावर हात ठेवला. तिथे त्या बाईची नडगी आली असती. इतकी वर्षं ती पेटी माझ्या दोन पायांनी धरून ठेवलेली असायची, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पेटी बांधता आली असती, काथ्याने, तारेने. बांधतो म्हणून मी स्वतःला दहा वेळा सांगितलं. मग खरं काय ते कळलं. मी त्या बाईच्या मोडक्या पायाशेजारी लोखंड ठेवत होतो, कारण मला एक स्प्रिंग हलवायची नव्हती. बायकोला हे कळलं असतं तर तिने मला गाडीतून खाली उतरवलं असतं.

दुसऱ्या दिवशी परत शेडवर. मी म्हटलं, “काढतो. पण मी काढणार.”

मेकॅनिकने जॅक लावून दिला आणि बाजूला झाला. चाक काढलं, बोल्ट सोडले, शॉकअप बाहेर घेतला. दाबयंत्रात धरून स्प्रिंग आवळली, रिंग उतरवली, आणि ती माझ्या हातात आली. वाटेची लाल माती तिच्या वळशांत सुकून बसली होती. मी फडक्याने पुसायला गेलो आणि थांबलो. तशीच गोणपाटात गुंडाळून ठेवली. मेकॅनिक तेव्हा मुद्दाम बाहेर जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलत होता. बहुतेक फोन लागलेलाच नव्हता.

मग नवी निवडायची. त्याने बाकावर तीन स्प्रिंगा मांडल्या. सारख्या उंचीच्या, सारख्या काळ्या. मी म्हटलं, ही मधली. तो हसला. “कशावरून?” कशावरूनच नाही. पाट्यात मला डोळ्याने कळायचं, इथे डोळा आंधळा. तारेची जाडी केसाएवढी फरकाची, वळशांत अर्ध्याचा फरक, आणि तेवढ्याने ताकद बदलते. त्याने एकेक दाबयंत्रावर चढवली, किती किलोला किती बोटं दबते ते मला बघायला लावलं. मी मापं बोटांतच सांगत होतो, तो मान हलवत होता. सर्वांत मऊ होती ती मला फार आवडली. तो म्हणाला, “आवडेल, पण ओहोळात ती तळाला जाईल. बेचाळीस किलो बाई, पण वर इंजिनाचं वजन आहे ना.” शेवटी मी पहिल्यांदा बोट ठेवलं होतं ती मधलीच निघाली. त्याने माझा चेहरा बघितला आणि म्हणाला, “नशीब आहे काका, अक्कल नाही.”

वीस-वीस लिटरचे दोन पाण्याचे कॅन डाव्या सीटला पट्ट्याने बांधले, ती बाई समजून. काट्यांवर वजन बघत रिंग जुळवली. शॉकअपला खाली एक बटण असतं, ते टिकटिक फिरवून स्प्रिंग उसळून किती जोरात परत येते ते ठरवतात. ते त्याने दोन टिक ढिलं केलं. पेटी मी त्याच्याच शेडमध्ये ठेवली. मग तो आणि मी दोघं गेलो, तांब्या कॅनांवर, तो मागे बसून त्याच्यावर नजर ठेवून. ओहोळ उतरलो, चढलो. परत आल्यावर त्याने तांब्या दाखवला. पाणी घोटभर कमी झालं होतं.

“हे चालेल,” मी म्हटलं.

रविवारी सकाळी विरारला गेलो. लिफ्टमधून खुर्चीत आणून मुलाने तिला माझ्या जागेवर बसवलं. पायाखाली उशी, पाठीला उशी, पट्टा लावला. मुलगा मागे बसला. ती सीटवर हात फिरवून म्हणाली, “एवढा खड्डा पाडलाय भावोजी बसून बसून. मी बुडले की इथं.”

डांबरी रस्ता संपेपर्यंत तिची टकळी चालू होती. धोंडे लागले तशी तिने एका हाताने समोरची दांडी धरली. मी पहिल्या गिअरमध्ये, बैल चालेल त्याच्यापेक्षा हळू. एकेका धोंड्यावर चाक ठेवायचं, चढू द्यायचं, उतरू द्यायचं. माझे डोळे वाटेवर आणि कान तिच्याकडे. ओहोळाच्या तोंडाशी थांबलो.

“दुखतंय?”

“तुम्ही विचारता तेव्हा दुखतंय. चला.”

उतरलो. डावं चाक मोठ्या दगडावर चढलं, स्प्रिंग दबली, आणि हळूच, कोणी श्वास सोडावा तशी, परत आली. उजवं चाक. मागची माझी पाटेवाली चाकं धडधड उतरली, मुलगा मागे उडाला आणि ओरडला. ती पुढे बसून हसली. एवढं दणदणीत हसली की मला स्टीअरिंग घट्ट धरावं लागलं.

“तुमच्या पाट्यांची बाजू अजून तशीच की,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “ती असती तर एव्हाना घरी पोचून चहा झाला असता.”

“ती असती तर तुला मी नव्हतो आणणार. तिने आणलं असतं.”

“हो,” ती म्हणाली. पलीकडे चढेपर्यंत ती रडत होती, पण ते पायाचं रडणं नव्हतं, ते मला कळत होतं. मी गाडी हळू केली नाही. हळू केली असती तर मीच थांबलो असतो.

घरापाशी तिची मोठी जाऊ वाट बघत होती. मुलाने आणि मी तिला उतरवलं, वॉकर दिला, आणि ओटीवर नेऊन बसवलं. तिने आधी विहिरीचं पाणी मागितलं. अख्खा लोटा प्याली. मग म्हणाली, “पेज आहे का गं?” जावेने तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बोंबील आणून ठेवला. मुलगा दाराला टेकून आईकडे बघत उभा. तिने पहिला वाडगा संपवला. दुसरा मागितला. अर्धा झाल्यावर वर बघून मुलाला म्हणाली, “काय बघतोस? जेवताना मानूस कधी बघितला नाय?” तो घराच्या मागे निघून गेला.

मलाही वाढलं. मी जेवलो. गेले सात महिने मी पोटात ढकलत होतो, त्या दिवशी जेवलो.

जाऊ गुरांकडे गेली. बाई आपले दोन वाडगे आणि माझं ताट एकमेकांत घालून माझ्यापुढे सरकवत म्हणाली, “भावोजी, मागच्या दगडावर राख हाय. घासून आना. मला वाकता येत नाय.”

मी म्हटलं, “मी?”

“मग मी?”

बायको होती तोवर मी घरात एक वाटी विसळली नव्हती. उठलो. गुडघे धरून दगडावर बसलो आणि घासायला लागलो. ओटीवरून तिचा आवाज आला, “वाडग्याच्या बुडाला पन फिरवा हात. चिकट राहतं तिथं.”

मी बुडाला हात फिरवला.